कॅमेरा आधी की प्रश्न आधी?

शाळेच्या विज्ञान मंडळासाठी कॅमेरा घ्यावयाचा असे एकदा ठरले, की पुढे काय होते ते पुष्कळ शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी पाहिले असेल. कोणी जाहिरातींचे रंगीत कागद घेऊन येतो, कोणी शहरातल्या दुकानदाराचा सल्ला आणतो, तर कोणी मामेभावाकडच्या कॅमेऱ्याची थोरवी सांगतो. किती मेगापिक्सेलचा घ्यावा? भिंग केवढे हवे? फ्लॅश किती लांब जातो? चित्रे सुधारण्यासाठी सॉफ्टवेअर कोणते घ्यावे? चर्चा रंगते. परंतु या सगळ्या गदारोळात एक साधा प्रश्न मात्र बहुधा कोणीच विचारत नाही. आपल्याला कशाचे छायाचित्र घ्यावयाचे आहे, आणि ते घेऊन काय शोधून काढावयाचे आहे?

माझे मत मी सुरुवातीलाच सांगून टाकतो. शाळेतला कॅमेरा हे तापमापी किंवा तराजू यांच्यासारखेच एक मोजण्याचे साधन आहे. तापमापी घेताना आपण आधी विचारतो, की ताप मोजावयाचा आहे की उकळते पाणी? दोन्ही कामांना एक तापमापी चालत नाही. मग भिंग, फ्लॅश आणि सॉफ्टवेअर निवडताना हा विचार का करू नये? प्रश्न आधी ठरला, तर साधन आपोआप ठरते, आणि बहुतेक वेळा ते दुकानदाराने सुचविलेल्या साधनापेक्षा पुष्कळ स्वस्त असते.

नुसते मत सांगून भागणार नाही. ते उदाहरणाने पटवले पाहिजे. म्हणून आपण बीड जिल्ह्यातलीच चार कामे घेऊ. पहिले काम पाटोदा तालुक्यातल्या नायगाव मयूर अभयारण्यात मोरांची नोंद करण्याचे. हे अभयारण्य १९९४ साली जाहीर झाले आणि त्याचे क्षेत्र सुमारे ३० चौरस किलोमीटर आहे. दुसरे काम अंबाजोगाईच्या शिलालेखांचे. यादवांचा सेनापती खोलेश्वर याच्या काळचे लेख तेथे दगडावर कोरलेले आहेत आणि शतकांच्या ऊनपावसाने अशा लेखांची अक्षरे झिजत जातात. तिसरे कामही अंबाजोगाईचेच. संतकवी दासोपंतांनी सोळाव्या शतकात एका लांबलचक कापडावर पंचीकरण हा विषय लिहून काढला; ही पासोडी महाराष्ट्रात प्रसिद्ध आहे. आणि चौथे काम बीड शहराजवळच्या, निजामशाहीच्या काळी बांधलेल्या खजाना विहिरीतल्या पाण्याची पातळी नोंदवण्याचे. खजाना विहीर लांब पडत असेल, तर तुमच्या गावातली कोणतीही विहीर चालेल.

मोर, दगड, कापड आणि पाणी. या चार कामांना एकच भिंग आणि एकच फ्लॅश पुरेल काय? गणित करून पाहू.

भिंगाचे गणित

दहावीच्या पुस्तकात बहिर्वक्र भिंगाचे नाभीय अंतर तुम्ही शिकता. कॅमेऱ्याच्या भिंगावर १८, ५०, ३०० असे जे मिलिमीटरचे आकडे असतात, ते हेच नाभीय अंतर. वस्तू भिंगापासून बरीच दूर असेल, तर प्रतिमेचा आकार काढण्याचे सूत्र अगदी सोपे होते. वस्तूच्या लांबीला नाभीय अंतराने गुणावे आणि वस्तूच्या भिंगापासूनच्या अंतराने भागावे.

पिसारा सोडून मोराचे अंग सुमारे एक मीटर लांब असते असे धरा, आणि तो तुमच्यापासून २० मीटरवर उभा आहे असे समजा. १८ मिलिमीटरच्या भिंगाने कॅमेऱ्याच्या संवेदकावर त्याची प्रतिमा ०.९ मिलिमीटर पडेल, ५० मिलिमीटरच्या भिंगाने २.५ मिलिमीटर, तर ३०० मिलिमीटरच्या भिंगाने १५ मिलिमीटर. विद्यार्थ्यांना परवडण्याजोग्या बहुतेक डीएसएलआर कॅमेऱ्यांतला संवेदक सुमारे साडेतेवीस मिलिमीटर रुंद असतो. म्हणजे पहिल्या भिंगाने मोर चित्रात टाचणीच्या टोकाएवढा दिसेल, आणि शेवटच्या भिंगाने त्याने चित्राचा अर्ध्याहून अधिक भाग व्यापलेला असेल.

यावर कोणी म्हणेल, की मग ५० मिलिमीटरचे भिंग घेऊन जवळ जाऊ. तितकीच मोठी प्रतिमा मिळवावयाची, तर सूत्राप्रमाणे तुम्हाला मोरापासून सुमारे साडेतीन मीटरवर जावे लागेल. रानातला मोर तुमच्यासाठी थांबणार नाही, आणि लांडोर जमिनीवरच्या घरट्यात अंड्यांवर बसलेली असेल, तर तिला उठवणे हा अपराधच आहे. मोर १९६३ पासून आपला राष्ट्रीय पक्षी आहे आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण दिलेले आहे. तेव्हा मोरासाठी लांब भिंग हवे, ते मोराच्या सोयीसाठी. छायाचित्रकाराचा रुबाब वाढतो म्हणून नव्हे.

आता पासोडी घ्या. ती कित्येक मीटर लांब आहे. सगळी एका चित्रात बसावी म्हणून कोणी १८ मिलिमीटरचे रुंद भिंग लावील, पण अशा भिंगात कडेच्या सरळ रेषा वाकलेल्या दिसण्याचा दोष बहुधा असतोच. शिवाय सगळी पासोडी एका चित्रात मावली, तरी एकेका अक्षराच्या वाट्याला फारच थोडे पिक्सेल येतील आणि वाचता काहीच येणार नाही. येथे ५० मिलिमीटरचे साधे भिंग बरे. परवानगी मिळाल्यास कापडासमोर कॅमेरा बरोबर समांतर ठेवून एकेक हात सरकत, शेजारच्या चित्रांचा थोडा भाग एकमेकांवर येईल अशी अनेक चित्रे घ्यावीत, आणि मग ती संगणकावर जोडावीत. हे जोडण्याचे ह्युगिन नावाचे सॉफ्टवेअर फुकट मिळते.

५० मिलिमीटरच्या या भिंगाचा आणखी एक गुण आहे. कॅमेऱ्याबरोबर बहुधा १८ ते ५५ मिलिमीटरचे झूम भिंग येते. ते ५५ वर नेले, की त्याचे छिद्र एफ/५.६ पेक्षा मोठे होत नाही. ५० मिलिमीटरचे साधे भिंग मात्र एफ/१.८ पर्यंत उघडते. प्रकाश छिद्राच्या क्षेत्रफळावर अवलंबून असतो, म्हणून ५.६ ला १.८ ने भागून येणाऱ्या संख्येचा वर्ग करावा. उत्तर साडेनऊच्या वर येते. म्हणजे अंधाऱ्या विहिरीत किंवा लेण्यात हे छोटे भिंग त्या झूमपेक्षा जवळजवळ दहापट प्रकाश आत घेते. मौज अशी की मोठ्या कॅमेऱ्यांसाठी जी भिंगे मिळतात, त्यांतल्या सर्वांत स्वस्त भिंगांत याची गणना होते. वाण्याच्या दुकानात महाग ते चांगले असे समजणारे पुष्कळ असतात. भिंगांच्या दुकानात तर तसे समजणाऱ्यांची गर्दीच असते.

फ्लॅश कोठे ठेवावा?

फ्लॅशविषयी सर्वांत मोठा गैरसमज हा, की तो अंधार घालवतो. धारूरच्या किल्ल्याची तटबंदी सायंकाळी फ्लॅश मारून टिपू पाहणारा हौशी माणूस तुम्ही पाहिला असेल. त्याचा फ्लॅश समोरच्या दगडापलीकडे पोचतच नाही. कारण सोपे आहे. लहान प्रकाशस्रोतापासून येणारा प्रकाश अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात कमी होतो. २ मीटरवर जेवढा प्रकाश पडतो, त्याचा फक्त शंभरावा भाग २० मीटरवर पडतो.

फ्लॅशच्या ताकदीचा एक आकडा असतो, त्याला गाईड नंबर म्हणतात. त्याला छिद्राच्या एफ आकड्याने भागले, की आयएसओ १०० या संवेदनक्षमतेला फ्लॅश किती मीटर पोचेल ते कळते. कॅमेऱ्यावरच बसवलेल्या चिमुकल्या फ्लॅशचा गाईड नंबर १२ धरला, तर एफ/५.६ ला तो जेमतेम २ मीटर पोचतो. वेगळ्या घेतलेल्या मोठ्या फ्लॅशचा ३६ धरला, तर साडेसहा मीटरच्या आत. आयएसओ ४०० केले, तर अंतर दुप्पट होते, तरीही आपला २० मीटरवरचा मोर अंधारातच राहतो. संवेदनक्षमता आणखी वाढवून तोही गाठता येईल, पण मोराच्या बाबतीत फ्लॅश टाळण्याचे याहून मोठे कारण आहे.

मोराच्या पिसातला निळा आणि हिरवा रंग हा रंगद्रव्याचा रंग नाही. पिसाच्या सूक्ष्म तंतूंत मेलॅनिनच्या बारीक कांड्या जाळीसारख्या ओळीने रचलेल्या असतात. निळ्या भागात दोन कांड्यांमधले अंतर सुमारे १४० नॅनोमीटर, तर हिरव्या भागात सुमारे १५० नॅनोमीटर असते. या जाळीवरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशलहरी एकमेकींत मिसळून काही रंग बळावतात आणि काही मावळतात. अर्थात कोणता रंग दिसेल, हे प्रकाश कोणत्या दिशेने येतो आणि आपण कोठून पाहतो यावर अवलंबून राहते. मोराचे पीस हातात धरून उन्हात फिरवून पाहा, म्हणजे पटेल. आता कॅमेऱ्याच्या डोक्यावरून फ्लॅश मारला, तर प्रकाशाची दिशाच आपण बदलली. चित्रात दिसणारा रंग सकाळच्या उन्हात त्या मोराचा जो रंग दिसत होता, तो नव्हे. नोंद करावयास गेलो आणि नोंदच बदलून आलो! म्हणून माझे म्हणणे असे, की अभयारण्यात जाताना फ्लॅश घरी ठेवावा. पक्ष्याला त्रास नाही, रंगात ढवळाढवळ नाही, आणि पाठीवरचे ओझेही हलके.

मग फ्लॅश घेऊच नये काय? तसे नाही. शिलालेखासमोर त्याची खरी किंमत कळते. झिजलेल्या लेखावर समोरून फ्लॅश मारा. दगड पांढरा फटक दिसेल आणि अक्षर एकही लागणार नाही. तोच फ्लॅश कॅमेऱ्यापासून सोडवून दगडाच्या बाजूला, पृष्ठभागाला जवळजवळ घासून प्रकाश जाईल असा धरा. प्रत्येक खाचेची एक कड उजळेल, दुसरीवर सावली पडेल, आणि साध्या डोळ्यांना न दिसलेली अक्षरे उमटू लागतील. एकदा डावीकडून आणि एकदा वरून अशी निदान दोन चित्रे घ्यावीत, कारण प्रकाशाच्या दिशेला समांतर असलेल्या रेषांची सावली पडत नाही. पासोडीसारख्या सपाट कापडाला मात्र उलटी रीत हवी. तेथे सावल्या नकोत, म्हणून दोन्ही बाजूंनी ४५ अंशांच्या कोनातून सारखा, मंद प्रकाश द्यावा. फ्लॅश तोच असला, तरी जागा बदलली की काम बदलते. तेव्हा फ्लॅश घेताना तो किती लांब जातो हे विचारण्याऐवजी तो कॅमेऱ्यापासून सोडवून दूर धरता येतो काय, आणि त्याची ताकद हाताने कमी-जास्त करता येते काय, हे दोनच प्रश्न विचारावेत.

ताकद कमी करण्याचाही एक फायदा आहे. पुष्कळ फ्लॅशांत ताकद कमी केली, की चमकेचा कालावधीही कमी होतो. तो सेकंदाच्या दहा हजाराव्या भागापर्यंत किंवा त्याहूनही खाली येतो. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रशास्त्र संस्थेतले हॅरल्ड एजर्टन यांनी १९३० नंतरच्या दशकात अशा क्षणिक प्रकाशाने दुधाचा थेंब पडताना उसळणारा मुकुट टिपला आणि जगाला चकित केले. हे तुम्हीही करू शकता. ३० सेंटिमीटर उंचीवरून पडलेला थेंब तळाशी सेकंदाला सुमारे २.४ मीटर वेगाने येतो. सेकंदाच्या २५० व्या भागात तो जवळजवळ एक सेंटिमीटर सरकतो, म्हणजे चित्र पुसट येणार. दहा हजाराव्या भागात तो पाव मिलिमीटरही सरकत नाही. अंधाऱ्या खोलीत कॅमेऱ्याची झडप उघडी ठेवून फक्त फ्लॅशनेच चित्र घेतले, तर थेंब जागच्या जागी गोठल्यासारखा दिसेल. शाळेच्या प्रयोगशाळेत इतका सुंदर प्रयोग इतक्या थोड्या खर्चात क्वचितच होतो.

सॉफ्टवेअर आणि सचोटी

आता सॉफ्टवेअर. येथे पैशांचा प्रश्न लहान आहे आणि सचोटीचा मोठा.

पैशांचा प्रश्न आधी निकालात काढू. चित्रे सुधारण्याची महागडी सॉफ्टवेअरे आहेत, आणि त्यांच्या चोरून केलेल्या प्रती सर्रास वापरल्या जातात. विज्ञान मंडळाच्या संगणकावर चोरीची प्रत असावी, ही लाजिरवाणी गोष्ट आहे, कारण तिची मुळीच गरज नाही. गिंप हे सॉफ्टवेअर फुकट मिळते. त्याचा जन्म १९९५ साली कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात झाला, आणि त्याचे जनक स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस हे त्या वेळी विद्यार्थीच होते. डार्कटेबल आणि रॉथेरपी हीसुद्धा फुकट आहेत. आणि ज्यांना चित्रावरून मोजमाप करावयाचे आहे, त्यांच्यासाठी इमेजजे आहे; ते अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत तयार झाले. पानाचे क्षेत्रफळ, दाण्यांची संख्या, विहिरीतल्या पाण्याची खोली अशा गोष्टी त्याने चित्रावरून मोजता येतात.

डीएसएलआर कॅमेऱ्यात चित्र रॉ स्वरूपात साठवण्याची सोय असते, ती वापरावी. नेहमीच्या जेपीईजी चित्रात काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात. १४ बिटांच्या रॉ चित्रात त्या १६,३८४ असतात. अंधाऱ्या विहिरीचे चित्र नंतर उजळावयाचे असेल, तर हा फरक लगेच जाणवतो. शिवाय रॉ चित्र ही मूळ नोंद असते. डार्कटेबल आणि रॉथेरपी ही सॉफ्टवेअरे त्या मूळ फाइलला हात न लावता केलेले बदल वेगळे लिहून ठेवतात.

आता सचोटीचा प्रश्न. १९८२ च्या फेब्रुवारीत नॅशनल जिऑग्राफिक या जगप्रसिद्ध मासिकाच्या मुखपृष्ठावर इजिप्तच्या पिरॅमिडांचे चित्र आले. आडवे चित्र उभ्या पानात बसावे म्हणून संगणकाने दोन पिरॅमिड जवळ आणले होते. बोभाटा झाला आणि मासिकाला टीका सोसावी लागली. त्या काळी असे करावयास मोठी यंत्रसामग्री लागे. आज खिशातल्या फोनवर बोट फिरवले, की विजेची तार नाहीशी होते, आभाळ निळे होते आणि नसलेला पक्षीही उडू लागतो. २००२ पासून जर्नल ऑफ सेल बायॉलॉजी या शोधपत्रिकेने, लेख स्वीकारल्यावर त्यातली चित्रे बारकाईने तपासावयास सुरुवात केली. शास्त्रज्ञांनाही ही पायरी घालावी लागली, यातच सर्व आले.

माझ्या मते या विषयातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट येथेच आहे. नायगावात तुम्ही मोराचे चित्र घेतले. मागे विजेची तार आहे, पुढे गाजरगवत माजले आहे, कोपऱ्यात प्लास्टिकची पिशवी अडकली आहे. चित्र सुंदर व्हावे म्हणून तुम्ही तिन्ही गोष्टी पुसल्या. वीस वर्षांनी एखादा अभ्यासक विचारील, की या भागात गाजरगवत केव्हा पसरले? तारा केव्हा आल्या? कचरा केव्हापासून येऊ लागला? उत्तर तुमच्या चित्रात होते, आणि तुम्हीच ते पुसले. आज जे कुरूप म्हणून नकोसे वाटते, तेच उद्याचा पुरावा असू शकते.

म्हणून शाळेसाठी नियम साधे असावेत. संपूर्ण चित्राचा उजेड सारखा वाढवणे किंवा कमी करणे चालेल. करड्या रंगाचा कागद चित्रात ठेवून त्यावरून रंगांचा तोल साधणे चालेल. कडा कापणे चालेल, मात्र कापल्याचे लिहावे. चित्रातली कोणतीही वस्तू पुसणे, हलवणे किंवा आणून बसवणे चालणार नाही. आणि मूळ फाइल कधीही खोडावयाची नाही.

दोन आक्षेप

माझ्या या मतावर दोन आक्षेप येतील, आणि दोन्ही खरे आहेत.

पहिला असा, की आज बऱ्याच घरांत फोन आहे, मग मोठा कॅमेरा हवाच कशाला? पुष्कळ कामांना तो नकोच, हे मी मान्य करतो. शिलालेखाचे चित्र फोन आणि एक विजेरी एवढ्यावर उत्तम निघते. पण फोन पुष्कळदा अनेक चित्रे एकत्र करून, आपल्याला न विचारता रंग आणि कडा सुधारून देतो. मोजमाप करणाऱ्याला ही मदत अडचणीची ठरते. डीएसएलआरमध्ये छिद्र, वेळ आणि संवेदनक्षमता आपण ठरवतो आणि वहीत लिहून ठेवतो. त्यातही आनंदाची गोष्ट अशी, की मोठ्या कंपन्या आता आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांकडे वळल्या आहेत आणि हौशी लोक आपले जुने डीएसएलआर विकून टाकीत आहेत. हौसेच्या बाजारात जुने झालेले साधन शाळेच्या कामाला आणखी कितीतरी वर्षे चालेल.

दुसरा आक्षेप असा, की मुलांना सुंदर चित्र काढण्याचा आनंद हवा असतो. तुम्ही त्यांना कारकून करावयास निघालात. हा आक्षेप मला अधिक बोचतो. सौंदर्याला माझा विरोध नाही. स्पर्धेसाठी, भिंतीवर लावण्यासाठी, आईला दाखवण्यासाठी हवे तसे चित्र करा, आभाळ जांभळे करा. फक्त त्याखाली 'हे चित्र रचलेले आहे' असे लिहा, आणि नोंदींच्या कपाटात ते ठेवू नका. दोन वह्या वेगळ्या असल्या, की दोन्ही आनंद टिकतात.

विहिरीचे चित्र

चौथे काम मी शेवटी ठेवले, कारण मला ते सर्वांत मोलाचे वाटते. २०१६ च्या उन्हाळ्यात केज तालुक्यातल्या धनेगावचे मांजरा धरण कोरडे पडले आणि लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी न्यावे लागले. बीड जिल्ह्यातल्या घराघरांत त्या वर्षाच्या आठवणी आहेत. पण तुमच्या गावातल्या विहिरीत त्या वर्षी मार्चमध्ये किती पाणी होते, एप्रिलमध्ये किती, आणि पाऊस आल्यावर ते किती दिवसांत चढले? आजोबा हात करून दाखवतील, पण शाळेजवळ नोंद असेल काय?

दादासाहेब फाळके यांनी १९१२ च्या सुमारास कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा एका जागी रोवला, आणि ठराविक वेळाने एकेक चौकट टिपत गेले. 'अंकुराची वाढ' या त्यांच्या छोट्या चित्रपटात बी रुजून वेल वाढताना दिसत होता. ते पाहूनच भांडवल देणाऱ्याचा विश्वास बसला आणि पुढे 'राजा हरिश्चंद्र' झाला. फाळक्यांच्या या प्रयोगाचे बळ कशात होते? जागा तीच, भिंग तेच, कुंडी तीच. बदलला तो फक्त वेल. विहिरीसाठी आपल्याला हेच करावयाचे आहे.

विहिरीच्या काठी एक पक्की जागा ठरवा, तेथे तिपाईच्या तीन पायांच्या खुणा करा, आणि ५० मिलिमीटरचेच भिंग लावा. समोरच्या भिंतीवर सेंटिमीटरच्या खुणा असलेली पट्टी बसवून घ्या. सहा हजार पिक्सेल रुंदीच्या कॅमेऱ्यात एक पिक्सेल संवेदकावर सुमारे ०.००३९ मिलिमीटर रुंद असतो. १० मीटरवरच्या भिंतीवर तो सुमारे पाऊण मिलिमीटर व्यापतो. म्हणजे पाणी एक सेंटिमीटर उतरले, तर समोरून पाहता चित्रात बारा-तेरा पिक्सेलचा फरक पडेल. वरून तिरपे पाहताना तो कमी दिसेल, म्हणूनच पट्टी हवी. तिच्यावरून मोजले, की तिरपेपणाची चूक निघून जाते. फ्लॅश नको, कारण पाण्यावर त्याची चमक येऊन कडा दिसेनाशी होईल. तिपाई असल्यामुळे झडप दोन सेकंद उघडी राहिली तरी बिघडत नाही. आणि हे काम एकट्याने करावयाचे नाही. मोठे माणूस बरोबर असावे, आणि काठावरून वाकावयाचे नाही.

तर मग शाळेने काय घ्यावे? माझा हिशेब असा. जवळ शंभर रुपये असतील, तर चाळीस जुन्या पण धडधाकट कॅमेऱ्यावर, वीस ५० मिलिमीटरच्या भिंगावर, वीस भक्कम तिपाईवर, पंधरा सोडवून दूर धरता येणाऱ्या साध्या फ्लॅशवर आणि पाच नोंदवहीवर व पट्टीवर खर्च करावेत. सॉफ्टवेअरवर शून्य. मोरांसाठीचे लांब भिंग सुरुवातीला घेऊ नये. दोनतीन शाळांनी मिळून एक घ्यावे आणि पाळीपाळीने वापरावे. कोणाचा हिशेब वेगळा असेल, तर त्याने तो जरूर मांडावा, पण त्याबरोबर आपला प्रश्न कोणता तेही सांगावे.

नोंदवहीत तारीख, वेळ, भिंग, छिद्र, झडपेचा वेळ, आयएसओ, चित्र घेणाऱ्याचे नाव आणि 'काय बदलले' असे रकाने आखावेत. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला एक चित्र घेतले, तर वर्षाला बारा चित्रे होतील. दहावीची मुले शाळा सोडून जातील, आठवीची मुले वही हाती घेतील. दहा वर्षांनी त्या वहीत एकशेवीस चित्रे असतील, आणि तुमच्या गावच्या पाण्याविषयी बोलताना कोणाला हात करून दाखवावे लागणार नाही. पहिले चित्र येत्या महिन्याच्या पहिल्या तारखेला घ्यावे. कॅमेरा अजून यावयाचा असेल, तर तोवर पट्टी बसवून घ्यावी.